सेकंडहँड लॅपटॉपच्या बिलावर अपडेटची शेवटची तारीख लिहा

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी गंगाखेडला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटंसं दुकान चालवते. अकरा वर्षं झाली. शिष्यवृत्ती, सातबारा, पीकविमा, केवायसी, सगळं माझ्याकडंच भरतात लोक, आणि घरी कुणाचा लॅपटॉप बंद पडला की तोही आधी माझ्याच काउंटरवर येतो. कॉम्प्युटर रिपेरिंग हा माझा धंदा नाही, पण ताई बघा की एवढं म्हणून ठेवून जातात अन् मग बघावंच लागतं. तुमच्या पेपरात नवीन मोबाइल, नवीन लॅपटॉप यांच्या बातम्या येतात, पण आमच्याकडं नवीन घेणारं घर दहात एखादं, बाकी सगळे सेकंडहँडवर चालतात, त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून मीच लिहायला बसले. पत्र मोठं झालंय, तरी शक्यतो काटछाट करू नका ही विनंती.

माझ्या भावानं जून 2025 मध्ये लेकीसाठी लॅपटॉप घेतला. तिला नांदेडला बीसीएला ॲडमिशन मिळालं होतं, आणि पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं की लॅपटॉप लागेल. भावाची चार एकर जमीन, त्यात सोयाबीन आणि थोडी तूर, नवीन लॅपटॉपचा विषयच नव्हता. जिल्ह्याच्या गावात एका दुकानात पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतून निघालेले लॅपटॉप मिळतात, तिथून 17,500 रुपयांना आणला. मला विचारलं असतं तर बरं झालं असतं, पण मी तेव्हा लग्नाला गेले होते अन् त्याला ॲडमिशनची घाई होती. दुकानदारानं सांगितलं, आय5 आहे, विंडोज 11 टाकून दिलंय, लेटेस्ट आहे, तीन वर्षं बघायचं काम नाही. बिल म्हणून एक साधी चिठ्ठी दिली, त्यावर लिहिलेलं "लॅपटॉप 1 नग". एवढंच.

दिवाळीत पोरगी घरी आली तेव्हा तोंड उतरलेलं. म्हणाली आत्या, पेनड्राइव्हमधले सगळे फोल्डर शॉर्टकट झालेत, प्रॅक्टिकलच्या फायली दिसेनात, कॉलेजच्या लॅबमध्ये पेनड्राइव्ह लावला की सर ओरडतात. मी लॅपटॉप उघडला. वायरस प्रोटेक्शन बंद. चालू करायला गेले तर होईना. अपडेटच्या पानावर गेले तर तिथंही लाल अक्षरात एरर, कारण अपडेटची सर्व्हिसच कुणीतरी आतून बंद करून ठेवलेली. मग विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबून डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर टाइप केलं आणि एंटर मारला, एक छोटी खिडकी उघडते, त्यात व्हर्जन लिहिलेलं असतं. त्यात होतं विंडोज 11, व्हर्जन 22एच2.

आता हे 22एच2 म्हणजे काय ते सांगते कारण इथंच लोक फसायलेत. विंडोज 11 हे एकच नाव असलं तरी दरवर्षी त्याचं नवीन व्हर्जन येतं, आणि घरगुती वापराच्या प्रत्येक व्हर्जनला 24 महिनेच सिक्युरिटी अपडेट मिळतात. 22एच2 ची मुदत 8 ऑक्टोबर 2024 ला संपली. म्हणजे भावानं पैसे मोजले त्याच्या आठ महिने आधीच ह्या लॅपटॉपवरच्या विंडोजचे अपडेट कंपनीकडूनच थांबले होते, आणि दुकानदार त्याला लेटेस्ट म्हणत होता.

मग पुढच्या व्हर्जनवर आपोआप का गेला नाही? कारण लॅपटॉपचा प्रोसेसर, म्हणजे मुख्य चिप, पाचव्या जनरेशनचा (पिढीचा). मी स्टार्टमध्ये जाऊन प्रोसेसरचा नंबर बघितला, आय5-5300यू. त्या आडव्या रेघेनंतरचा पहिला आकडा म्हणजे जनरेशन, 5300 म्हणजे पाचवी, 8250 म्हणजे आठवी, आणि 10210 सारखा पाच आकडी असला तर पहिले दोन आकडे, म्हणजे दहावी. विंडोज 11 ला इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासूनचा प्रोसेसर लागतो, आणि टीपीएम 2.0 नावाची सुरक्षा चिप लागते. ह्या लॅपटॉपमध्ये टीपीएम होतं पण 1.2. म्हणजे विंडोज 11 त्यावर सरळ मार्गानं बसतच नाही. तपासणीला बगल देऊन बसवायच्या युक्त्या आहेत, त्या वापरून बसवलं होतं, आणि असं बसवलं की पुढचं मोठं व्हर्जन सहसा आपोआप येत नाही, दरवर्षी कुणीतरी पुन्हा तीच खटपट करावी लागते. पोरीला कोण करून देणार होतं?

मी दुकानदाराला फोन लावला. भांडायला नाही, विचारायला. तो शांतपणे म्हणाला, मॅडम, अपडेट आम्ही सगळ्यांचेच बंद करून देतो, नाहीतर गिऱ्हाईक आठ दिवसांत परत येतंय की लॅपटॉप हँग व्हायलाय म्हणून. वायरस प्रोटेक्शनचं विचारलं तर म्हणाला ते चालू ठेवलं की ॲक्टिव्हेशन (विंडोज ओरिजिनल असल्याची नोंद) उडतं. म्हणजे चोरीचं ॲक्टिव्हेशन टिकावं म्हणून घराचं कुलूपच काढून टाकलं. आणि वाईट ह्याचं वाटतं की कंपनीतून निघालेल्या बऱ्याच लॅपटॉपच्या मदरबोर्डातच ओरिजिनल विंडोजची की (परवान्याचा नंबर) असते, तीच विंडोज टाकली तर इंटरनेट लागताच आपसूक ॲक्टिव्हेट होते, क्रॅक मारायची, म्हणजे चोरीनं ॲक्टिव्हेट करायची गरजच पडत नाही. पण एक तयार पेनड्राइव्ह बनवून ठेवलेला असतो अन् तोच सगळ्या मशीनला लावतात.

खरं सांगायचं तर पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत मीही लोकांच्या मशीनवर अपडेट बंद करून देत होते. लोक तेच मागायचे आणि मलाही वाटायचं की अपडेटमुळंच मशीन मरते. तसं नसतं. मशीन का अडकते ते एकदा टास्क मॅनेजर उघडून बघा, अपडेट चालू असताना डिस्कच्या रकान्यात 100 टक्के दिसतं, प्रोसेसर मात्र रिकामा बसलेला असतो. जुन्या लॅपटॉपमध्ये गोल फिरणारी हार्डडिस्क असते, अपडेटला हजारो बारीक बारीक फायली वाचायच्या-लिहायच्या असतात, त्या डिस्कची सुई इकडून तिकडं पळत राहते आणि तोवर माऊससुद्धा हलत नाही. आमच्या पोरीच्या लॅपटॉपमध्येही 500 जीबीची तीच डिस्क होती. ती काढून 256 जीबीची एसएसडी, म्हणजे फिरणारा भाग नसलेली वेगवान डिस्क टाकली, 1,800 रुपये गेले, चार जीबीची जुनी रॅमची पट्टी 600 ला मिळाली, एकूण आठ जीबी झाली. मागचं झाकण उघडलं तेव्हा पंख्याच्या जाळीवर धुळीची अशी गादी बसली होती की चिमट्यानं अख्खी एका तुकड्यात निघाली, आणि खाली आधीच्या कंपनीचं अर्धवट खरवडलेलं स्टिकर, त्यावर मशीनचा नंबर. किती वर्षं कुठल्या एसीच्या ऑफिसात हा लॅपटॉप चालला असेल अन् आता आमच्या पत्र्याखाली चालायचाय. अडीच हजारात जे काम झालं ते दुकानदारानं करून दिलं असतं आणि किंमत तेवढी वाढवली असती तर भावानं आनंदानं दिली असती, आणि अपडेट बंद करायची गरजही राहिली नसती.

अपडेट नसले तर काय बिघडतं असं खूप जण विचारतात. लॅपटॉप तर चालायलाय ना. चालतो, बरोबर आहे. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस आला होता तेव्हाही कॉम्प्युटर चालतच होते. दीडशेच्या आसपास देशांत पसरला, ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांचे कॉम्प्युटर बंद पडून पेशंट परत पाठवावे लागले, आपल्याकडं आंध्र प्रदेश पोलिसांच्या कॉम्प्युटरनासुद्धा फटका बसला. फायली कुलूपबंद करून पैसे मागायचा. आणि ज्या भगदाडातून तो आत शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी घेतलं ते वाचले. माझ्या दुकानात लोकांची आधार कार्डं, पासबुकं, सह्यांचे फोटो स्कॅन होतात, म्हणून मला ह्याची भीती वाटते, आणि ज्यांच्या घरच्या लॅपटॉपवर बँकेचं काम होतं त्यांनाही वाटायला पाहिजे.

आता विंडोज 10 चं. सगळ्यात जास्त सेकंडहँड लॅपटॉप आमच्या भागात ह्याच्यावर चालतात, मोजायला माझ्याकडं आकडा नाही पण काउंटरवर जे येतात त्यावरून सांगते. 29 जुलै 2015 ला आलेल्या ह्या विंडोजचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. तारीख बघा. सप्टेंबरात आमच्या मराठवाड्यात काय झालं ते तुमच्याच पेपरात आलं होतं, जायकवाडीतून पाणी सोडलं, गोदावरी दोन्ही काठ सोडून शिवारात शिरली, उभं सोयाबीन चिखलात गेलं, भावाच्या चारातल्या अडीच एकरात कापायलाच काही उरलं नाही. ऑक्टोबरात लोक माझ्याकडं नुकसानीच्या अनुदानाची केवायसी करायला रांग लावून उभे होते, आणि त्याच महिन्यात स्क्रीनवर मेसेज यायला लागला की तुमच्या विंडोजचा सपोर्ट संपला, नवीन पीसी घ्या. एक गुरुजी तो मेसेज दाखवायला आले, म्हणाले ताई, हे आता बंद पडणार का, बीएडच्या पोरीचं सगळं ह्यातच आहे. बंद पडत नाही, मी सांगितलं. पण मग काय करायचं ते त्यांना सांगणारं दुसरं कुणीच नव्हतं.

तर काय करायचं. विंडोज 10 वाल्यांना मायक्रोसॉफ्टनं आणखी एक वर्षाचे सिक्युरिटी अपडेट दिलेत, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत. त्याला ईएसयू म्हणतात. 30 डॉलर भरावे लागतात असं ऐकून लोक मागं सरतात, पण फुकटचाही मार्ग आहे, मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटनं लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला की पैसे लागत नाहीत. मात्र व्हर्जन 22एच2 पाहिजे (हे विंडोज 10 चं 22एच2, वर सांगितलं ते 11 चं, नावं सारखी असल्यानं गोंधळ होतो). सेटिंगमध्ये अपडेटच्या पानावरच नोंदणीची लिंक दिसते. गुरुजींची नोंदणी मी करून दिली, दहा मिनिटं लागली. गावोगाव हजारो मशीन आहेत, त्यांच्यापर्यंत ही एवढी साधी गोष्ट पोचलेली नाही आणि मुदत संपत चाललीय.

पोरीच्या लॅपटॉपवर मात्र आम्ही विंडोज काढून त्याच्या जागी चालणारं लिनक्स मिंट टाकलं. तिला हवं काय, सी आणि पायथनची प्रोग्रामिंग, ब्राउझर, टायपिंग, पीडीएफ. सगळं होतं. पैसे लागत नाहीत, ॲक्टिव्हेशन नाही, मराठीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड त्यातच येतो, आणि आत्ताच्या 22 नंबरच्या मिंटला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत, म्हणजे तिची डिग्री होऊन वर एक वर्ष. खाली कोपऱ्यात ढालीचं छोटं चिन्ह असतं, अपडेट आले की त्यावर ठिपका दिसतो, आपल्या सोयीनं क्लिक करायचं, मधेच रीस्टार्ट व्हायची भानगड नाही. डाउनलोड तीन जीबीच्या आसपास आहे, दिवसाला दीड जीबीचा पॅक असला तर दोन दिवसांत होतं, विंडोज 11 चं पाच जीबीच्या वर जातं. टाकण्याआधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं की वायफाय लागतं का, आवाज येतो का. पेनड्राइव्हमधल्या तिच्या फायलीही परत मिळाल्या, त्या गेलेल्या नव्हत्या, व्हायरसनं नुसत्या लपवल्या होत्या.

लिनक्स सगळ्यांनीच टाका असं मी म्हणत नाही. माझ्या दुकानाच्या मशीनवर मी टाकू शकत नाही, कारण अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर माझ्याकडं विंडोजवरच चालतं, जुन्या मराठी फॉन्टमधल्या फायली घेऊन लोक येतात, प्रिंटरचंही अडतं. पण शिकणाऱ्या लेकरांचं ह्यातलं काहीच नसतं. केरळच्या सरकारी शाळांमधले कॉम्प्युटर कितीतरी वर्षांपासून लिनक्सवर चालतात, तिथली लेकरं त्यावरच शिकतात. आपल्या शाळांमध्ये धूळ खात झाकून ठेवलेले कॉम्प्युटर मी माझ्या डोळ्यांनी बघितलेत, गुरुजी म्हणतात खराब झाले, उघडून बघितलं तर विंडोज 7 अडकलेलं, बाकी मशीन ठणठणीत.

आणि आमच्याकडं अपडेट घेताना लाइटचा विचार आधी करावा लागतो, शहरातल्या माणसाला हे सुचणार नाही. फेब्रुवारीत एका मास्तरांच्या लॅपटॉपचं अपडेट 61 टक्क्यांवर असताना लाइट गेली. बॅटरी आधीच मेलेली, स्क्रीन फट्कन काळी. लाइट आली तेव्हा मशीन "केलेले बदल परत घेत आहे" अशा अर्थाचा इंग्रजी मेसेज दाखवत सव्वा तास गोल फिरत बसली, आम्ही दोघं त्या गोलाकडं बघत, मास्तरांच्या कपाळावर घाम, तीन वर्षांचे निकाल होते त्यात. शेवटी उघडली, सगळं जागेवर होतं. प्रत्येक वेळी असं होईलच असं नाही. म्हणून आधी महत्त्वाच्या फायली पेनड्राइव्हवर घ्या, बॅटरी तासभर तरी टिकते का बघा, नसेल टिकत तर इन्व्हर्टर असेल तिथं जाऊन करा, माझ्या दुकानात या, मी प्लग देते. आणि डेटा वाचवायचा असेल तर अपडेट पाच आठवड्यांपर्यंत पॉज करता येतात, मोबाइलच्या हॉटस्पॉटला मीटर्ड (मोजून वापरायचं नेट) म्हणून खूण करता येते, म्हणजे मोठे डाउनलोड आपोआप सुरू होत नाहीत. सर्व्हिसच कायमची मारून टाकायची गरज नसते.

आता माझं मुख्य म्हणणं. सेकंडहँड ट्रॅक्टर घेताना आपण आरसी बघतो, किती सालचा ते बघतो. बैल घेतानासुद्धा बाजारात दात मोजतात. मग 17 हजारांच्या लॅपटॉपला नुसतं "1 नग" का? बिलावर प्रोसेसरचा पूर्ण नंबर, विंडोज कुठलं आणि कुठलं व्हर्जन, ते ओरिजिनल आहे का, आणि त्याला अपडेट कुठल्या तारखेपर्यंत मिळणार, एवढं लिहून द्यायला दुकानदाराला दोन मिनिटं लागतील. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणं अनुचित व्यापारी प्रथा आहे, म्हणजे पक्कं बिल मागणं हा आपला हक्कच आहे, आणि नाही दिलं तर 1915 ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो. तारीख लिहायची सक्ती मात्र कुठं नाही, ती व्हावी. जिल्हा पुरवठा कार्यालयानं, ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांनी ह्यात लक्ष घालावं. सगळे दुकानदार वाईट आहेत असं नाही, आमच्या गावातलाच एक पोरगा आठव्या जनरेशनच्या खालचा लॅपटॉप विंडोज 11 म्हणून विकतच नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल म्हणतो. सक्ती झाली तर नुकसान त्याचं होणार नाही, उलट खरं बोलतो म्हणून त्याचं जे गिऱ्हाईक आज दुसरीकडं जातंय ते थांबेल.

भावाला ती तारीख जूनमध्ये कळली असती तर त्यानं हाच लॅपटॉप दहा-अकरा हजाराला मागितला असता, नाहीतर तुरीचे चार हजार आणखी घालून आठव्या जनरेशनचा घेतला असता. त्यानं परवा मला तेच विचारलं, बिलावर लिहिलेलं असतं तर मला वाचता आलं असतं ना ताई? दहावी शिकलेला माणूस आहे, आलं असतं. पुढच्या ॲडमिशन जूनला सुरू होतील अन् पुन्हा शे-दोनशे बाप त्याच दुकानांत जातील, म्हणून हे पत्र मेच्या आत छापावं एवढी कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक
ता. गंगाखेड, जि. परभणी